गुलाबांवरच्या पिवळ्या-काळ्या माश्या: फवारणी करायची का?

संजयकाका: गुलाबांच्या वाफ्यावर गांधीलमाश्या घोंघावतायत, फोटो टाकलाय. मुलं तिथेच खेळतात. उद्या फवारणीवाल्याला बोलावू का?

रेखाताई: बोलवाच. कळ्यांवर मावा, म्हणजे ते रस शोषणारे बारीक किडे, पण पडलाय, एका फवारणीत दोन्ही कामं होतील.

अनुजा: काका, प्लीज थांबा. फोटो मोठा करून पाहिला. ही गांधीलमाशी नाही, सिरफिड माशी आहे. शास्त्रीय नाव एपिसिर्फस बाल्टिएटस. हिला नांगीच नसते आणि ही चावतही नाही.

संजयकाका: अगं, पट्टे तर हुबेहूब तसेच आहेत!

अनुजा: ते सोंग आहे, काका. डंखाच्या धाकाने पक्ष्यांनी वाटेला जाऊ नये म्हणून. पंख बघा. गांधीलमाशीला चार असतात, हिला दोनच. मागच्या जोडीच्या जागी दोन बारीक गाठी असतात, उडताना तोल सांभाळायला. मिशा आखूड, कंबर बारीक नाही, लांबी जेमतेम 1 सेंमी. आणि नारिंगी पोटावर एक जाड, एक बारीक अशी काळ्या पट्ट्यांची जोडी दिसतेय ना, ती या जातीची पक्की खूण. तुमच्या फोटोतला नर आहे. दोन्ही डोळे माथ्यावर एकमेकांना टेकलेत, मादीचे वेगळे असतात.

निखिल: हवेत एकाच जागी थांबतात त्या याच का?

अनुजा: याच. नर अशी उन्हातली एखादी जागा धरून राखतो, दुसरा कुणी आला की झेपावतो.

रेखाताई: ते सगळं खरं गं, पण माव्याचं काय? शेंडे चिकट झालेत, वर त्यात लिबलिबीत अळ्या. हात लावायची किळस येते.

अनुजा: ताई, त्या अळ्या हिच्याच! मादी मावा हुडकूनच अंडी घालते, एकेक, पांढरी, तांदळाच्या कणीसारखी. अळीला ना पाय ना डोळे. तोंडाकडचं टोक डावी-उजवीकडे फिरवत चाचपते, मावा लागला की पकडून पानावरून वर उचलते, रस शोषते आणि रिकामं साल टाकून देते. कोषात जाईपर्यंत एकेक अळी शेकडो मावा फस्त करते! हे काम बहुतेक रात्री चालतं, म्हणून आपल्या नजरेस पडत नाही. फवारलंत तर मावा मरेल, पण त्याला खाणारीही मरेल. आणि मावा परत फार लवकर वाढतो.

निखिल: मग मोठ्या माश्या काय खातात?

अनुजा: मध आणि पराग. मादीला अंडी भरायला परागातली प्रथिनं लागतात. तोंड आखूड, त्यामुळे उघडी, उथळ फुलं आवडतात. जाता जाता परागीभवनही होतं.

आणि हा जीव केवढा प्रवास करतो! दक्षिण इंग्लंडवर रडारने मोजणी केली होती, 2019 मध्ये प्रसिद्ध झाली. ही आणि हिच्याच कुळातली आणखी एक जात मिळून वर्षाला 400 कोटींपर्यंत माश्या तिथून ये-जा करतात. त्यांच्या अळ्या 3 ते 10 लाख कोटी मावा खात असाव्यात, असा अंदाज त्यात मांडला होता.

संजयकाका: बापरे. फवारणी रद्द.

रेखाताई: पण शेंडे तसेच ठेवायचे?

अनुजा: अळ्या किंवा अंडी असलेले तसेच ठेवा, ताई. जिथे नुसताच मावा आहे, तेवढे बोटांनी पुसून काढा. पानावर थेंबाच्या आकाराचा कोष दिसला तर काढू नका. उबदार हवेत अंड्यापासून माशी व्हायला साधारण दोन-तीन आठवडे लागतात, तोवर धीर धरा. आज जेवणं झाल्यावर टॉर्च घेऊन खाली येते, निखिल, तूही ये.