मोबाईल वॉलेटला अख्खी ब्लॉकचेन नसताना बॅलन्स कळतो कसा?

खेकडा_७: बिटकॉइनची पूर्ण चेन शेकडो जीबीची आहे ना, मग फोनमधलं वॉलेट दोन मिनिटांत सिंक कसं काय होतं? सर्व्हर सांगेल त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवायचा की काय??

निवांत: डोळे झाकून नाही रे. वॉलेट फक्त ब्लॉकचे (ट्रान्झॅक्शनच्या गठ्ठ्यांचे) हेडर, म्हणजे प्रत्येक गठ्ठ्यावरची छोटी माहितीपट्टी घेतं, एक हेडर ८० बाइटचा, म्हणजे वर्षभराचे मिळून चार-सव्वाचार एमबी. हेडरमध्ये मर्कल रूट (ब्लॉकमधल्या सगळ्या ट्रान्झॅक्शनचा मिळून एक डिजिटल ठसा) असतो, त्यामुळे २००० ट्रान्झॅक्शनच्या ब्लॉकमध्ये तुझं एक आहे हे पटवायला ११ हॅश (असेच छोटे ठसे) पुरतात, बाकी ब्लॉक बघायची गरजच नाही. ही आयडिया २००८ च्या बिटकॉइनच्या मूळ पेपरातच आहे.

खेकडा_७: ओके पण माझं ट्रान्झॅक्शन कुठलं हे समोरच्या नोडला (पूर्ण चेन ठेवणाऱ्या कॉम्प्युटरला) कळतं कसं

धूळपाटी: तिथेच तर घोळ आहे. आधी वॉलेट नोडला ब्लूम फिल्टर, म्हणजे तुझ्या पत्त्यांची एक चाळणी पाठवायचं, त्यात तुझे पत्ते थोडे धूसर करून जायचे, पण प्रत्यक्षात समोरच्याला बऱ्यापैकी अंदाज यायचा, वर नोडवर फुकटचा लोड. म्हणून २०१९ मध्ये बिटकॉइन कोअरने (नोड चालवायच्या मुख्य सॉफ्टवेअरने) ते डिफॉल्ट बंद केलं. आता काही वॉलेट उलटं करतात, नोड प्रत्येक ब्लॉकचा छोटा फिल्टर बनवतो, सगळ्यांना तोच, वॉलेट तो घरी तपासतं आणि जुळला तरच पूर्ण ब्लॉक मागवतं.

निवांत: आणि हो, खोटं ट्रान्झॅक्शन ब्लॉकमध्ये आहे असं नोड दाखवू शकत नाही, पण खरं लपवू शकतो! म्हणून एकाच पीअरवर (जोडलेल्या नोडवर) राहू नको.