मदत हवी आहे: पायातलं रक्त वर चढतं कसं?

शरीरशास्त्रातली एक गाठ सुटत नाहीये. केशवाहिन्या ओलांडून रक्त नीलेत (हृदयाकडे रक्त परत नेणाऱ्या शिरेत) येतं तेव्हा दाब जेमतेम १५ मि.मी. पारा उरलेला असतो. उभ्या माणसाच्या घोट्यापासून हृदय साधारण १२० सेंमी. वर. एवढ्या उंच रक्तस्तंभाचा दाब ९० मि.मी.च्या आसपास होतो. मग १५च्या जोरावर ९०ची चढण कशी चढली जाते? पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतात हे माहीत आहे. पण मग पुतळ्यासारखं उभं राहिलं तर रक्ताभिसरण थांबायला हवं, आणि ते तर थांबत नाही.

प्रतिसाद १

तुम्ही चढण मोजलीत, उतार मोजायचा राहिला. रोहिणीतूनही (हृदयाकडून रक्त नेणाऱ्या धमनीतूनही) तेवढाच स्तंभ खाली उतरतो. हृदयापाशी सरासरी दाब ९५ धरला, तर उभ्या माणसाच्या घोट्याच्या रोहिणीत तो १८५च्या घरात जातो. म्हणजे नीलेतल्या वाढीव ९०ला रोहिणीतले वाढीव ९० भेटतात आणि फरक होता तेवढाच राहतो. इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची पाण्याने भरलेली नळी डोळ्यांसमोर आणा: एका बाजूचं पाणी दुसऱ्या बाजूला तोलून धरतं. हृदयाला रक्त उचलावं लागत नाही, फक्त वाटेतलं घर्षण भागवावं लागतं.

खरी अडचण नीलेच्या भिंतीत आहे. रोहिणीची भिंत जाड. नीलेची पातळ, दाब आला की ताणली जाणारी. उभं राहिल्यावर सुमारे अर्धा लिटर रक्त पोट आणि पायांच्या नीलांत उतरून साठतं. तेवढं हृदयाकडे कमी परततं, म्हणून ते बाहेरही कमी फेकतं. नाडी वाढवून आणि वाहिन्या आवळून शरीर हे सावरतं. सावरणं कमी पडलं की माणूस चक्कर येऊन पडतो. आडवं होणं हाच तिथे उपाय असतो, म्हणून अशा माणसाला धरून उभं करू नका किंवा खुर्चीत बसवू नका. आडवंच ठेवा आणि पाय उंच करा.

प्रतिसाद २

वरच्याला जोड. घोट्याच्या केशवाहिन्यांतही दाब चढलेला असतो, त्यामुळे पाणी बाहेर झिरपतं. ते परत नेणाऱ्या लसिकावाहिन्यांना तो वेग झेपला नाही की सूज येते.

आता पोटरी. स्नायू आवळला की आतल्या खोल नीला पिळल्या जातात. नीलांत रक्त फक्त हृदयाकडे जाऊ देणाऱ्या झडपा असतात: खालची झडप मिटते, वरची उघडते. सैल पडला की रिकाम्या खोल नीलांत कातडीजवळच्या नीलांतलं रक्त ओढलं जातं. दहाएक पावलांत घोट्याच्या नीलेतला दाब ९०वरून ३०च्या खाली येतो. थांबल्यावर नीला केशवाहिन्यांकडूनच भरतात, त्याला २० सेकंदांहून जास्त वेळ लागतो. झडपा गळक्या असतील तर रक्त वरूनच कोसळतं आणि काही सेकंदांत दाब होता तिथे. अशा वेळी चालूनही सुटका होत नाही. कातडीखालच्या नीला मग फुगून वेड्यावाकड्या होतात, त्याच व्हेरिकोज व्हेन्स.

प्रश्नकर्ता

आता उलगडलं, धन्यवाद. या झडपा बाहेरून दिसतात का? आणि घट्ट मोजे नेमकं काय करतात?

प्रतिसाद २

झडपांची जागा दिसते. विल्यम हार्वेने १६२८ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग करून बघा. कोपराच्या वर कापडी पट्टी बांधा. मनगटाची नाडी लागत राहिली पाहिजे, इतकीच घट्ट. हाताच्या शिरा फुगतील आणि मधेमधे गाठीसारखे उंचवटे दिसतील. तिथे झडपा आहेत. एका शिरेवर मनगटाच्या बाजूला बोट दाबून धरा. दुसऱ्या बोटाने रक्त कोपराकडे पुसत पुढच्या उंचवट्यापार न्या आणि ते बोट उचला. मधला तुकडा सपाटच राहतो. वरचं रक्त खाली रेटायला गेलात तर उंचवटाच फुगतो, पलीकडे थेंब जात नाही. आता पहिलं बोट उचला: शीर खालून झटकन भरते. पट्टी दोन मिनिटांत सोडा.

प्रतिसाद १

मोज्यांबद्दल. घोट्यापाशी सर्वात घट्ट आणि वर सैल होत जाणारे असतात तेच खरे. नीला बाहेरून दाबल्या गेल्या की कमी ताणल्या जातात, झडपांची पाती एकमेकांच्या जवळ येतात. सकाळी अंथरुणातून उतरण्याआधी, सूज नसताना घालावेत. वरची कड दुमडू नये. दुमडीखाली दाब वाढतो आणि आवळपट्टी बांधल्यासारखं होतं. पायाच्या रोहिण्या अरुंद असतील तर मोज्यांनी रक्तपुरवठा आणखी तुटतो. आडवं झोपवून मोजलेला घोट्यापाशी रक्तदाबाचा वरचा (सिस्टॉलिक) आकडा हाताच्या आकड्याच्या ०.९ पटीहून कमी भरला, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घालूच नयेत.

आणि एकाच पायाची पोटरी अचानक सुजली, दुखू लागली, गरम लागली तर मोजे नकोत, चोळणंही नको. खोल नीलेत गुठळी असू शकते, त्याच दिवशी तपासून घ्या. सोबत धाप लागली किंवा छातीत दुखलं तर तडक रुग्णालय गाठा, कारण गुठळी सुटून फुप्फुसात गेलेली असू शकते.