जुनी कन्व्हर्टिबल (छत उघडणारी गाडी) घ्यायची आहे, नागपुरात बघताना छताचं काय काय तपासायचं?

धंतोलीकर
नमस्कार मंडळी. दोन गाड्या नजरेत आहेत. एक २००९ ची मर्सिडीज एसएलके २०० कॉम्प्रेसर, पत्र्याचं घडीचं छत, एमएच १२ पासिंग. दुसरी २०१५ ची ऑडी ए३ कॅब्रिओले, कापडी छत, केए पासिंग. दोन्ही पेट्रोल. साधी सेडान कशी पारखायची ते माहीत आहे, अडचण छताची आहे. आता एप्रिल आहे, पाऊस जूनच्या मध्याशिवाय येत नाही. मग गळती कळणार कशी? आणि कागदपत्रांचा त्रास कोणत्या गाडीत जास्त?

हिंगणा_गॅरेज
भाऊ, पाऊस नसेल तर पाणी आपणच घेऊन जायचं. नागपूरच्या उन्हात रबर बीडिंग (काचा-दारांभोवतीची रबरी पट्टी) मे महिन्यापर्यंत कडक होऊन तडकतं आणि गळती जूनमध्ये उघडी पडते. उन्हाळ्यात बघितलेली गाडी आतून कोरडी असणारच, त्यावरून काही ठरवू नका.

पाणी मारायच्या आधी आत बघा. चारही फूटमॅट काढून कार्पेटवर अंगठा जोरात दाबा, खालचा फोम महिनोन्‌महिने ओल धरून ठेवतो. सीटच्या रेलचे बोल्ट गंजलेत का, सीटखालच्या वायरिंगच्या कनेक्टरवर हिरवट-पांढरा गंज आहे का तेही बघा. डिक्कीचं अस्तर उचलून खालच्या खळग्यात हात फिरवा. काचा बंद करून गाडी अर्धा तास उन्हात ठेवा आणि दार उघडल्याबरोबर वास घ्या. कुबट वास आला तर अत्तराची डबी कितीही मोठी टांगलेली असो, पाणी आत गेलेलं आहे.

मग साधा पाइप घ्या, प्रेशर वॉशर नको. त्याच्या जोरानं चांगल्या बीडिंगमधूनही पाणी आत जातं आणि भलताच निष्कर्ष निघतो. पाण्याची धार मंद ठेवून खालून वर या: आधी दाराच्या काचेची खालची कड, मग मागची छोटी काच, शेवटी समोरच्या काचेच्या वरचे दोन्ही कोपरे. प्रत्येक जागी पाच मिनिटं. आत एक माणूस टॉर्च घेऊन बसवा. वरचे कोपरे सगळ्यात आधी गळतात, कारण तिथे छताचं, काचेचं आणि दाराचं अशी तीन रबरं एकत्र येतात.

बीडिंगची पकड बघायला कागदाची पट्टी काच आणि रबर यांच्यामध्ये धरून दार लावा आणि ओढा. पट्टी अडत अडत निघाली पाहिजे, सहज सरकली तर तिथे फट आहे. या गाड्यांच्या दारांना वर चौकट नसते. हँडल ओढलं की काच सुमारे एक सेंटिमीटर खाली येते आणि दार लागल्यावर परत वर चढते. ती चढत नसेल तर बीडिंग नवं टाकूनही गळेल, दोष काचेच्या रेग्युलेटरमध्ये (काच वरखाली करणाऱ्या यंत्रणेत) किंवा दाराच्या मायक्रोस्विचमध्ये असतो.

ड्रेन, म्हणजे छतावरचं पाणी खाली सोडणाऱ्या नळ्या, विसरू नका. छत अर्धवट उघडून मागच्या पन्हळीत दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा लिटर पाणी हळूहळू ओता. ते काही सेकंदांत गाडीखाली पडायला लागलं पाहिजे. तुंबलं तर पानं-धूळ अडकली आहे. गवत कापायच्या यंत्राची नायलॉन दोरी घालून नळी मोकळी होते. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, नळी आतल्या जोडापासून निसटते आणि मग सगळं पाणी थेट गाडीत.

ऑइल_सील
वरच्या पाण्याच्या परीक्षेला तोड नाही. मी यंत्रणेचं सांगतो.

इंजिन चालू ठेवून छत दोनदा पूर्ण उघडा आणि बंद करा, मोबाइलवर वेळ मोजा. एसएलकेचं छत साधारण २२ सेकंदांत व्हायला हवं, ए३ चं १८. दोन-चार सेकंद जास्त लागले तर चालेल, दुप्पट लागले तर नाही. सलग पाच-सहा वेळा करू नका, पंप तापला की स्वतःच थांबतो आणि तुम्हाला वाटेल बिघाड आहे.

कान पंपाकडे ठेवा. आवाजच नसेल तर फ्यूज, रिले, मोटर किंवा मायक्रोस्विच. एसएलकेमध्ये डिक्कीतला सामानाचा पडदा जागेवर अडकवलेला नसेल तरी छत हलत नाही, ते आधी बघा. पंप गुरगुरतोय पण छत रेंगाळतंय, तर तेल कमी किंवा सिलिंडर गळतोय. समोरच्या काचेवरच्या लॉकजवळचं अस्तर आणि डिक्कीच्या बिजागऱ्या पांढऱ्या कापडानं पुसून बघा. तेलाचा डाग म्हणजे सील गेलं. सील बदलून सिलिंडर दुरुस्त होतो, नवाच टाकावा असं नाही. पण काम नाजूक आहे, आणि तेल गाडीच्या पुस्तकात लिहिलेलंच घालायचं. ब्रेक ऑइल घातलं तर सगळी सील फुगून बसतात.

ए३ च्या कापडात घडीच्या रेषा उजेडासमोर धरून बघा, सुईएवढी भोकं तिथेच पडतात. मागची काच कापडाला चिकटवलेली असते. कडेनं नख फिरवा, कुठे उचकटली असेल तर नुसता गोंद लावून फार दिवस टिकत नाही.

धंतोलीकर
एसएलकेचा मालक म्हणतो की छत मध्येच थांबतं, पण ते फक्त बॅटरी कमजोर आहे म्हणून. हे पटण्यासारखं आहे का?

ऑइल_सील
असू शकतं, पण तपासणं सोपं आहे. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी मीटर लावा, १२.४ ते १२.६ व्होल्ट हवेत. मग इंजिन सुरू करा, १४ च्या आसपास येईल. त्या व्होल्टेजवरही छत थांबत असेल तर बॅटरीचा दोष नाही. स्कॅन साध्या ब्लूटूथ ओबीडीवर (गाडीच्या सॉकेटला लावायच्या छोट्या स्कॅनरवर) करू नका, तो इंजिनापुरतंच वाचतो. छताचं कंट्रोल युनिट वेगळं असतं, त्यातले कोड मर्सिडीजचं पूर्ण स्कॅनरच दाखवतं.

मानेवाडा_मोटर्स
इंजिनाचं थोडक्यात. एसएलके २०० मध्ये एम२७१ इंजिन आहे. बघायला जाल तेव्हा बॉनेटला हात लावा, थंडच हवं. मालकानं आधीच सुरू करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी जा. थंड स्टार्टला पहिले काही सेकंद खडखड आली तर टायमिंग चेन ताणलेली आहे. कॅमशाफ्टच्या मॅग्नेटचे कनेक्टर काढून बघा. आत तेल दिसलं तर ते वायरिंगमधून झिरपत कंट्रोल युनिटपर्यंत जातं, आणि तो खर्च छतापेक्षा कमी नसतो. ही गाडी ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलच्या आधीची आहे, म्हणून इंधनाच्या रबरी नळ्याही हातानं चाचपून बघा.

ए३ मध्ये सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. दुपारच्या उन्हात सीताबर्डीच्या गर्दीत वीस मिनिटं रांगत चालवा. पहिला-दुसरा बदलताना थरथर किंवा झटका आला तर क्लच पॅक संपत आलाय. नंतर वर्धा रोडला ८० च्या वर न्या आणि छत बंद ठेवून वाऱ्याची शिट्टी कुठून येते ते ऐका.

आणखी एक. कन्व्हर्टिबलमध्ये वरचा पत्रा नसल्यानं ताकद दाराखालच्या सिलमध्ये (लांब पोकळ पट्टीत) आणि फ्लोअरमध्ये असते. एक कोपरा जॅकवर उचला आणि दार उघडबंद करा. दार घासलं तर अपघाताच्या कामाची शंका घ्या. तिथे पेंट मीटर लावा. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो, ३०० च्या वर गेलं की लांबी (पुट्टी) भरलेली आहे.

पासिंग_सल्लागार
कागदांत एसएलके जड जाईल. १५ वर्षं झाली आहेत, म्हणजे आरसीचं नूतनीकरण झालेलं हवं. ते फॉर्म २५ वर होतं आणि पाच वर्षांसाठी मिळतं. १ एप्रिल २०२२ पासून साध्या मोटारीला त्याचं शुल्क ५,००० रुपये आहे, पण आयात केलेल्या चारचाकीला ४०,०००. आरसीवर गाडी आयात म्हणून नोंदवलेली आहे का ते सौदा करण्याआधी बघा. पर्यावरण कर त्यावर वेगळा. नूतनीकरण झालं नसेल तर ही रक्कम किमतीतून वजा करून मागा.

ए३ ला कर्नाटकची एनओसी (ना-हरकत पत्र) म्हणजे फॉर्म २८ लागेल, मग इथे मालकी बदलायचे फॉर्म २९ आणि ३०, शिवाय महाराष्ट्राचा कर. कर्ज असेल तर त्याची नोंद काढायचा फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र. परराज्याचा नंबर इथे १२ महिन्यांच्या वर चालत नाही. शहरातलं काम एमएच ३१ च्या आरटीओकडे, पूर्व नागपूरचं एमएच ४९ कडे. एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका जी.

हिंगणा_गॅरेज
दोन्ही जशा लिहिल्यात तशा असतील तर आधी ए३ बघा. पाणी मारून कोरडी निघाली आणि गिअर थरथरला नाही तर तीच घ्या. एसएलकेचं छत १४ व्होल्टवरही थांबलं तर ती सोडा.