कॅराव्हॅनमधल्या टीव्हीचे चित्र तुटते: अँटेना दुरुस्त करावी की डिश घ्यावी?

रामबागकर, इंदूर

सप्रेम नमस्कार. गाडीमागे जोडून न्यायची एक लहान कॅराव्हॅन आम्ही घेतली असून हिवाळ्यात आई, सौ. आणि मी तिच्यातून महेश्वर, मांडू, ओंकारेश्वर अशा जवळपासच्या ठिकाणी जाऊन दोन-चार मुक्काम करून येतो. बाकी सगळे सोयीचे आहे, पण टीव्हीवर धड काही दिसत नाही. छपरावर तबकडीसारखी गोल अँटेना बसवलेली आहे. तिची केबल कपाटामागून उतरून टीव्हीजवळच्या भिंतीवरील एका पट्टीत येते. त्या पट्टीवर बूस्टरचे बटण आणि एक बारीक दिवा आहे, तो मात्र मी कधी लागलेला पाहिलेला नाही.

इंदुरात घरासमोर कॅराव्हॅन उभी असताना दूरदर्शनच्या वाहिन्या शोधात सापडतात, परंतु चित्राचे चौकोनी तुकडे होतात, आवाज मध्येच गडप होतो, आणि कोणी मोबाइलचा चार्जर लावला की जे दिसत होते तेही जाते. महेश्वरला तर पडद्यावर ‘सिग्नल नाही’ यापलीकडे काहीच येत नाही. कॅराव्हॅन ज्यांनी बांधून दिली त्यांना विचारले, तेव्हा अधिक शक्तीचा बूस्टर लावा, असे सांगून त्यांनी विषय संपवला.

आईला संध्याकाळी सह्याद्रीवरच्या बातम्या हव्या असतात, इतकीच खरी गरज आहे. नवा बूस्टर घ्यावा, अँटेना बदलावी, की हा नाद सोडून डिश घ्यावी? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

विंध्यकाठ, महू

रामबागकर साहेब, आपल्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आपण जाता जाता लिहिली आहे, ती म्हणजे बटणाजवळचा दिवा लागत नाही. नवा बूस्टर घेण्याचे पैसे तूर्त खिशातच राहू द्यावेत, कारण असलेल्या बूस्टरला वीजच मिळत नसावी, असा माझा कयास आहे.

अशा अँटेनांमध्ये बूस्टर भिंतीतल्या पट्टीत नसतो, तो वर तबकडीच्या पोटात असतो. पट्टी फक्त 12 व्होल्ट वीज त्याच केबलमधून वर पाठवते आणि वरून आलेला सिग्नल खाली टीव्हीला देते. वीज पोहोचली नाही तर बूस्टर नुसता निकामी होत नाही, तर सिग्नलची वाटही अडवून बसतो, आणि पाझरून जेवढा खाली येईल तेवढ्यावर टीव्हीला भागवावे लागते. इंदुरात आपल्याला जे तुकडे दिसतात ते त्या पाझराचेच असणार. जुन्या काळी सिग्नल क्षीण झाला की पडद्यावर मुंग्या येत आणि त्या मुंग्यांतूनही क्रिकेटचा धावफलक वाचता येई. डिजिटल प्रक्षेपणात तशी मधली अवस्था जवळजवळ नसते. सिग्नल एका मर्यादेच्या वर असला तर चित्र स्वच्छ दिसते, मर्यादेवर रेंगाळला तर चौकोन पडतात आणि किंचित खाली गेला तर पडदा कोरा होतो. म्हणूनच चार्जरसारख्या किरकोळ उपकरणाने चित्र जाते. स्वस्त चार्जर, एलईडी दिवे आणि इन्व्हर्टर यांतून जो विद्युत गोंगाट निघतो, तो काठावरच्या सिग्नलला खाली ढकलायला पुरतो.

तपासणी अशी करावी. पट्टीचे स्क्रू काढून तिच्यामागे 12 व्होल्टच्या तारेवर फ्यूज आहे का ते पाहावे, आणि उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा नवा घालावा. नंतर छपरावर चढून अँटेनाच्या तोंडाशी असलेला एफ-कनेक्टर (केबलच्या टोकाचा फिरवून बसवायचा जोड) सोडवावा आणि खाली बटण चालू ठेवून मल्टिमीटरने केबलची मधली तार व बाहेरची जाळी यांमध्ये किती व्होल्ट येतात ते मोजावे. तिथे 12 च्या आसपास आकडा आला नाही, तर दोष केबलमध्ये किंवा जोडांत आहे. मध्ये कपाटात कुठे स्प्लिटर, म्हणजे एका केबलच्या दोन वाटा करणारा जोड, दडवलेला आहे का, हेही पाहावे, कारण बाहेरच्या बाजूला दुसरे टीव्हीचे सॉकेट द्यायचे म्हणून बांधणारे तो घालतात. साधा दोन वाटांचा स्प्लिटर प्रत्येक वाटेला निम्म्याहूनही कमी सिग्नल देतो, आणि वीज पुढे जाऊ देणारा नसेल तर बूस्टरचा गळाच आवळतो.

केबल लांब आहे म्हणून सिग्नल मरतो, असे दुकानदार सांगतात, त्याकडे लक्ष देऊ नये. चांगल्या आरजी-6 (टीव्हीसाठी वापरतात त्या नेहमीच्या) केबलच्या आठ-दहा मीटरमध्ये फारसे काही जात नाही. जाते ते गंजलेल्या, सैल किंवा घाईने बसवलेल्या कनेक्टरमध्ये.

आता महेश्वरविषयी. तिथे मात्र बूस्टर दुरुस्त होऊनही फरक पडणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. हे प्रक्षेपण जवळजवळ सरळ रेषेत जाते. दीडशे मीटर उंच मनोरा धरला आणि आपली अँटेना जमिनीपासून चार मीटरवर, तर सपाट प्रदेशात क्षितिजाची मर्यादा साठ किलोमीटरच्या अलीकडेच येते. इंदूर माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे. महेश्वरला जाताना आपण विंध्याचा कडा उतरून निमाडात, नर्मदेच्या खोऱ्यात जाता, म्हणजे अंतर वाढते ते वाढतेच, शिवाय पठाराची कड मध्ये आडवी येते. बूस्टर आलेला सिग्नल मोठा करतो. जो पोहोचतच नाही, तो कुठून आणणार?

शिवाय एक गोष्ट आपल्या मातोश्रींसाठी. 2016 च्या फेब्रुवारीत दूरदर्शनने 16 शहरांत डीव्हीबी-टी2 पद्धतीचे, म्हणजे मनोऱ्यावरून साध्या अँटेनावर मिळणारे डिजिटल प्रक्षेपण सुरू केले, त्यांत भोपाळबरोबर इंदूरही होते. पण मध्य प्रदेशातल्या मनोऱ्यावरून सह्याद्री मिळेल, ही अपेक्षा ठेवू नये.

सराफ्यातला

काका, एवढे सगळे करण्यापेक्षा मोबाइलचा हॉटस्पॉट देऊन स्मार्ट टीव्हीवरच बातम्या का लावत नाही?

रामबागकर, इंदूर

सराफ्यातल्या मित्रांचा सल्ला योग्य आहे, पण आईला रिमोटवरचे दोन आकडे दाबून वाहिनी लागायला हवी असते, आणि घाटाखालच्या मुक्कामी नेटवर्कचा भरवसा नसतो. म्हणून तो मार्ग बाजूला ठेवतो.

विंध्यकाठ साहेब, आपला कयास तंतोतंत खरा निघाला. पट्टीमागचा फ्यूज उडालेला होता. नवा घातला तर बटण दाबताक्षणी तोही उडाला, तेव्हा केबलमध्ये शॉर्ट असणार हे उघड झाले. छपरावरचा कनेक्टर उघडून भिंगाखाली पाहिले. जाळीतली केसाएवढी एक चंदेरी तार मागे दुमडण्याऐवजी आत राहिली होती आणि मधल्या तांब्याच्या तारेला चिकटून बसली होती. केबल बोटभर कापून, जाळी नीट मागे वळवून नवा कनेक्टर बसवला. आता दिवा हिरवा लागतो, वाहिन्यांचा शोध पुन्हा घेतल्यावर इंदुरात चित्र स्थिर आहे आणि चार्जर लावला तरी हलत नाही. कपाटात स्प्लिटर नव्हता.

सह्याद्रीचा आणि निमाडाचा प्रश्न मात्र उरलाच. त्यासाठी डिशच घ्यायची, तर ती छपरावर कायमची बसवावी का, आणि दर मुक्कामी दिशा कशी साधावी?

बडोदेकर

रामबागकर साहेब, आम्हीही बडोद्याहून अशीच कॅराव्हॅन घेऊन नर्मदेकाठी फिरतो, म्हणून अनुभवाचे लिहितो. आपल्या गरजेला डीडी फ्री डिश पुरेशी आहे. 2004 च्या डिसेंबरात ती डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. तिला मासिक वर्गणी नाही, आणि सह्याद्री तिच्यावर आहे. सध्या ती 93.5 अंश पूर्वेवरील जीसॅट-15 या उपग्रहावरून येते. तो भूस्थिर, म्हणजे जमिनीवरून पाहता आकाशात एकाच जागी राहणारा, असल्यामुळे आपण मांडूला असा की महेश्वरला, डिशची दिशा जवळपास तीच राहते, आणि विंध्याचा कडा मध्ये येण्याचा प्रश्नच राहत नाही.

छपरावर कायमची बसवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. साठ सेंटिमीटरच्या डिशला जेमतेम दीड अंशाची चूक चालते. कॅराव्हॅन स्प्रिंगांवर उभी असते, आत कोणी उठून चालू लागले की ती डुलते आणि चित्र जाते. त्याखेरीज, बसायला सावली हवी म्हणून कॅराव्हॅन आपण झाडाखाली लावणार, आणि डिशला नेमके मोकळे आकाश लागते. तिपाईवर बसवलेली डिश जमिनीवर ठेवली आणि दहा मीटर केबल जवळ बाळगली, तर या दोन्ही अडचणी सुटतात. तिपाईच्या पायांवर विटा किंवा पाण्याचे कॅन ठेवावेत, नाहीतर संध्याकाळचा वारा आपले काम करतोच.

दिशेविषयी. इंदूर परिसरात उपग्रह उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजल्यास सुमारे 140 अंशांवर, म्हणजे आग्नेयेपासून किंचित दक्षिणेकडे, आणि क्षितिजापासून सुमारे 57 अंश उंच आहे. बडोद्याला हेच आकडे 136 आणि 55 होतात, यावरून फरक किती थोडा आहे ते ध्यानात येईल. होकायंत्र कॅराव्हॅनच्या लोखंडापासून दहा पावले दूर जाऊन पाहावे. डिश 57 अंश वर वळलेली दिसली पाहिजे असे मात्र समजू नये. नेहमीच्या ऑफसेट (सिग्नल तिरका झेलणाऱ्या) डिशच्या घडणीतच चोवीस-पंचवीस अंशांची सूट असते, त्यामुळे ती बरीच उभी दिसते आणि नवखा माणूस तिला उगाचच आकाशाकडे ढकलत बसतो. मागच्या पट्टीवर अंशांच्या खुणा असतील तर त्याच प्रमाण मानाव्यात आणि तिपाईचा खांब ओळंब्यात आहे याची खात्री करावी. एलएनबीही (डिशपुढच्या दांड्यावरचा सिग्नल घेणारा भाग) स्वतःभोवती सुमारे 36 अंश फिरवावा लागतो. हा भाग बहुतेक जण विसरतात.

उंची चांगली असल्यामुळे झाडांचा त्रास वाटतो तेवढा नसतो. दहा मीटर उंचीचे झाड आग्नेयेला असेल, तर डिश त्याच्या टोकापासून सात मीटर अलीकडे असली की भागते. स्वतःच्या कॅराव्हॅनपासूनही दोन-अडीच मीटर सरकून ठेवावी.

गावात मुक्काम असेल तर आणखी सोपे आहे. छपराछपरांवर फ्री डिशच्या डिश असतात, त्या कुठे पाहतात ते बघून आपली तशीच लावावी. टाटा प्लेच्या डिशचे अनुकरण करू नये. त्या 83 अंश पूर्वेच्या उपग्रहाकडे, म्हणजे आपल्याहून वीसेक अंश दक्षिणेकडे पाहतात. आणि सेटटॉप बॉक्सच्या पडद्यावर दोन पट्ट्या दिसतात, त्यांत ‘स्ट्रेंग्थ’ वाढली म्हणून आनंदून जाऊ नये, ती शेजारच्या 95 अंशांवरच्या उपग्रहानेही वाढते. ‘क्वालिटी’ची पट्टी हलली तरच आपण योग्य उपग्रहावर आहोत. डिश बोटभर हलवून दोन-तीन सेकंद थांबावे, कारण बॉक्सला ओळख पटायला तेवढा वेळ लागतो. घाईने फिरवत राहिले तर उपग्रह समोरून निघून जातो आणि कळतही नाही.

विंध्यकाठ, महू

बडोदेकरांशी पूर्ण सहमत, फक्त विजेविषयी एक पुरवणी. बहुतेक फ्री डिश बॉक्स 12 व्होल्टच्याच अडॅप्टरवर चालतात, त्यामुळे इन्व्हर्टरची गरज नाही आणि त्याचा गोंगाटही टळतो. अडॅप्टरवरचा आकडा मात्र आधी वाचून घ्यावा. बॅटरी थेट जोडू नये. गाडी चालू असताना किंवा चार्जर लावलेला असताना ती 14 व्होल्टच्या वर जाते आणि रात्री अखेरीस 12 च्याही खाली येते, म्हणून मध्ये स्थिर 12 व्होल्ट देणारा लहान रेग्युलेटर घालावा. तो टीव्हीच्या पाठीमागे नको, हातभर दूर बसवावा, कारण काही रेग्युलेटरही चार्जरसारखाच गोंगाट करतात, आणि छपरावरची अँटेना आता नीट चालू लागली आहे, तिला पुन्हा त्रास नको.