अभ्यासिकेतील जुन्या डेस्कटॉपवर अँड्रॉइड कायमचे वापरता येईल का?

अभ्यासिका_नंदनवन (नागपूर)

नमस्कार. नंदनवन भागात आम्ही एक सार्वजनिक अभ्यासिका चालवतो. तिथल्या सहा डेस्कटॉपवर विंडोज १० आहे. मायक्रोसॉफ्टने त्याचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला आणि आमची यंत्रे विंडोज ११च्या अटींत बसत नाहीत. इथे येणारी मुले-मुली बहुतेक स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी आहेत. मोबाइलवर त्यांचा हात बसलेला असतो, संगणकावर मात्र ती अडखळतात. म्हणून अँड्रॉइडच्या खुल्या स्रोतावर आधारलेली एखादी प्रणाली या यंत्रांवर कायमची बसवावी, असा विचार आहे. एका विंडोत व्याख्यान, शेजारी टिपणे, इनस्क्रिप्ट या कळफलक-मांडणीने मराठी टंकन आणि अर्जांची छपाई, एवढीच गरज आहे. रॅम ४ जीबी, प्रोसेसर इंटेलचा. हे शक्य आहे का, आणि शक्य असले तरी योग्य आहे का?

टेबलाखालचा_सर्व्हर

शक्य आहे, मात्र कोणत्या आवृत्तीवर विसंबायचे, हे आधी ठरवावे लागेल. अँड्रॉइड संगणकावर आणणारा अँड्रॉइड-एक्स८६ हा प्रकल्प २००९पासूनचा आणि या क्षेत्राचा पाया घालणारा, परंतु त्याची स्थिर आवृत्ती अँड्रॉइड ९च्या पुढे गेलेली नाही. तुमच्या उपयोगाला ती नेमकी इथेच अडते: अँड्रॉइड ९पर्यंत दोन विंडो शेजारी उघड्या असल्या, तरी ज्या विंडोला आपण शेवटचा स्पर्श केला तेवढीच चालू स्थितीत धरली जाते आणि दुसरीला थांबण्याचा संदेश जातो. विद्यार्थी टिपणांच्या विंडोत क्लिक करील आणि व्याख्यानाचे अॅप काळजीपूर्वक लिहिलेले नसेल, तर व्हिडिओ तिथेच थांबेल. दिसणाऱ्या सर्व विंडो चालू ठेवण्याची सोय अँड्रॉइड १०मध्ये आली. म्हणून त्याच पायावर पुढे नेलेले ब्लिस ओएस पाहावे. प्रोसेसरमध्ये एसएसई ४.२ हा सूचनांचा संच आहे ना, तेही तपासा. ६४ बिट अँड्रॉइडला ते लागतेच, आणि इंटेलच्या जुन्या कोअर टू ड्युओ प्रोसेसरांपैकी कोणत्यातही ते नाही.

अँड्रॉइडवरच आधारलेल्या रीमिक्स ओएसने टास्कबार आणि हलवता येणाऱ्या विंडो देऊन डेस्कटॉपसारखा अनुभव फार चांगला उभा केला होता, पण त्यामागच्या कंपनीने २०१७मध्ये ते बंद केले. सार्वजनिक ठिकाणी प्रणाली निवडताना तिची सुरक्षा-दुरुस्ती पुढे कोण करणार, हा प्रश्न मला दिसण्यापेक्षा मोठा वाटतो.

कळफलक_विदर्भ

मी फक्त टंकनाबद्दल लिहितो, कारण या चर्चांत मराठीचा विचार नेहमी शेवटी होतो. अँड्रॉइडमध्ये बाहेरून जोडलेल्या कीबोर्डची मांडणी केसीएम नावाच्या साध्या मजकूर-फाइलने ठरते आणि एखादे छोटे अॅप स्वतःची फाइल प्रणालीला पुरवू शकते. म्हणजे के दाबल्यावर क, डी दाबल्यावर हलन्त, शिफ्टसह एन दाबल्यावर ळ, ही इनस्क्रिप्टची घडी त्यात नीट बसवता येते. अडचण आकड्यांच्या ओळीत येते. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्टसह ७ दाबले की क्ष आणि शिफ्टसह ५ दाबले की ज्ञ मिळतो, परंतु ही जोडाक्षरे युनिकोडमध्ये तीन-तीन वर्णांची असतात आणि केसीएम फाइल एका कळीला एकच वर्ण देऊ देते. त्यामुळे क्ष लिहिण्यासाठी क, हलन्त, ष असे तीन वेळा दाबावे लागेल. टंकलेखनाच्या परीक्षेची तयारी करणाऱ्यांना याचा निश्चित त्रास होईल, कारण तिथे बोटांची सवयच महत्त्वाची असते. लिनक्स या मुक्त प्रणालीत आयबस आणि एम१७एन ही टंकनाची साधने वापरली तर एका कळीवर पूर्ण जोडाक्षर मिळते.

टेबलाखालचा_सर्व्हर

हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता आणि त्याने माझे मत बदलते. या गरजेसाठी दिशा उलटी ठेवणे बरे: यंत्रावर हलके लिनक्स असावे आणि ज्यांना मोबाइलचेच अॅप हवे त्यांच्यासाठी त्यात वेड्रॉइड. ते संपूर्ण यंत्राची नक्कल न करता लिनक्सचेच कर्नल (प्रणालीचा गाभा) वापरून कंटेनरमध्ये, म्हणजे वेगळ्या बंदिस्त कप्प्यात, अँड्रॉइड चालवते, त्यामुळे वेग चांगला राहतो. त्याला वेलँड या पडद्यावर विंडो दाखवणाऱ्या व्यवस्थेचे सत्र आणि कर्नलमध्ये बाइंडरची (अँड्रॉइडच्या भागांतील संवादाची) सोय लागते. फक्त एआरएमसाठी, म्हणजे मोबाइलमधल्या प्रोसेसरसाठी, बांधलेल्या अॅपांना वेगळा अनुवादक थर जोडावा लागतो. जुन्या संगणकांसाठीच्या गूगलच्या क्रोमओएस फ्लेक्सचा पर्याय कोणी सुचवला तर लक्षात ठेवा, त्यावर अँड्रॉइडची अॅप चालत नाहीत.

अभ्यासिका_नंदनवन (नागपूर)

दोघांचेही मनापासून आभार. टंकनाचा मुद्दा आमच्यासाठी निर्णायक आहे. छपाईचे काय? आमचा प्रिंटर यूएसबीचा आणि जुना आहे.

कळफलक_विदर्भ

अँड्रॉइडची अंगभूत छपाई सेवा मुख्यतः नेटवर्कवरच्या प्रिंटरांसाठी आहे, यूएसबीवरच्या जुन्या प्रिंटरला ती सहसा ओळखत नाही. एका लिनक्स यंत्राला प्रिंटर जोडून कप्स या लिनक्सच्या छपाई-व्यवस्थेतून तो सामायिक करा, म्हणजे बाकीची पाच यंत्रे आणि विद्यार्थ्यांचे मोबाइलही त्यावर छापू शकतील. त्या मॉडेलचा ड्रायव्हर लिनक्ससाठी आहे की नाही, एवढे आधी पाहून घ्या. आणि प्रत्येक यंत्रावर पाहुणे खाते ठेवा. अर्ज भरून उठलेल्या मुलीचे ईमेल खाते पुढच्याला उघडे मिळता कामा नये.