वजन वाढले की रक्तही तितकेच वाढते का?
‘वजन जितके अधिक तितके रक्त अधिक’ हे विधान ढोबळमानाने बरोबर असले, तरी त्यात वय आणि शरीराची घडण यांचा विचार राहून गेला आहे. प्रौढ माणसात दर किलोमागे सुमारे ७० मिलिलिटर रक्त असते, तर पूर्ण दिवसांच्या नवजात बाळात ८० ते ९०. तरीही तीन किलोच्या बाळाच्या अंगात एकूण रक्त जेमतेम पाव लिटर भरते, आणि म्हणूनच प्रौढाला जाणवणारही नाही असा २५ मिलिलिटरचा रक्तस्राव त्या बाळाच्या एकूण रक्ताचा दहावा हिस्सा ठरतो. अतिदक्षता विभागात तपासणीसाठीचे रक्तदेखील त्यामुळे अगदी मोजून घ्यावे लागते. हे पालकांना आधीच समजावून सांगितले जावे, असे मला मनापासून वाटते. स्थूल व्यक्तींत चरबीतील रक्तपुरवठा तुलनेने कमी असल्याने वजनाच्या प्रमाणात रक्त वाढत नाही. आपल्याकडे रक्तदात्याचे वजन किमान ४५ किलो असावे लागते आणि ४५० मिलिलिटर रक्त ५५ किलोंहून अधिक वजनाच्या दात्याकडूनच घेतले जाते, कारण ४५ किलोंच्या दात्याकडून घेतले जाणारे ३५० मिलिलिटर रक्तच त्याच्या एकूण रक्ताचा साधारण नववा भाग होतो.