सडा ‘ओसाड’ आहे म्हणणाऱ्यांनी एकदा जूनमध्ये यावं

कातळवेडी

एका वृक्षप्रेमी गटाची पोस्ट फिरत फिरत माझ्यापर्यंत आली. राजापूरकडच्या एका सड्याचा, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठाराचा, मे महिन्यातला फोटो आणि खाली : ‘हा ओसाड, निरुपयोगी कातळ. यंदा इथे १०,००० झाडं लावून निसर्गाचं ऋण फेडूया.’ खाली हात जोडलेल्यांची रांग.

वाचून तिडीक गेली. मे महिन्यात सड्याचा फोटो काढून ‘ओसाड’ लिहिणं म्हणजे दुपारी झोपलेल्या माणसाचा फोटो काढून खाली ‘कैलासवासी’ लिहिणं. पहिल्या दोन-चार सरी पडल्या की या. जांभ्याच्या भेगेत बोटभर माती असते, त्यातून दीपकाडीचा दांडा वर येतो, पांढऱ्या फुलांचा. वर्षभर तिचा कंद त्या भेगेत पडून असतो. कोकणातले सडे हेच तिचं घर, जगाच्या पाठीवर इतरत्र कुठे लावायची म्हणाल तर शोधत बसाल. मग ऑगस्टपासून गेंद, सीतेची आसवं, दवबिंदू. यातली शेवटची दोन किडे खातात, कारण त्या मातीत नत्र नावालाही नसतं. या सगळ्यांना लख्ख ऊन लागतं. तुम्ही सावली करणार म्हणजे त्यांना मारणार, इतकं सरळ आहे.

आणि सुट्या चिऱ्याखाली राहणारी ती पांढऱ्या पट्ट्यांची बोटाएवढी पाल. शास्त्राला तिची ओळख १९६३ साली झाली, तीही आपल्या रत्नागिरीतल्या डोर्ले गावातून. तिला झाड नको, भिंत नको, फक्त दगड हवा, तोही जिथल्या तिथे. बागेला गडगा, म्हणजे दगडी बांध, घालायचा म्हणून सड्यावरचे सुटे दगड गोळा केले की तिचं छप्पर गेलं.

झाडं लावा हो, पण जिथे होती तिथे लावा.

देवगडकर

ताई, लेख छान. फुलांचे फोटो टाकले असते तर आणखी छान. आता एक सांगा, तो सडा कोणाचा आहे? सातबाऱ्यावर नाव माझ्यासारख्याचं असतं. माझ्या वडिलांच्या वाट्याला आलेल्या सव्वापाच एकरांतली चार एकर वरकस आणि कातळ. त्यावर नाचणीसुद्धा पोट भरून झाली नाही. १९९० साली रोजगार हमीतून फळबाग योजना आली तेव्हा वडिलांनी सुरुंग लावून मीटरभर लांब-रुंद-खोल खड्डे काढले, खालून डोक्यावरून माती वाहिली, पहिली तीन वर्षं आईने कळशीने पाणी घातलं. त्या कलमांवर आम्ही तिघं भावंडं शिकलो. दीपकाडीवर नव्हे.

पुण्यात बसून सडा वाचवणं सोपं आहे.

कातळवेडी

मी पुण्यात नाही, लांज्यात राहते. माझं माहेर लांजा आणि सासरही लांजाच. आणि तुमच्या आईच्या कळशीबद्दल मी एक अक्षर बोललेले नाही. मी बोलते आहे ते १०,००० झाडांच्या फलकाबद्दल. त्यांच्या यादीत ऑस्ट्रेलियन बाभूळ आहे, गिरिपुष्प आहे. तुमच्या हापूसशी त्याची तुलना करून तुम्हीच हापूसचा अपमान करताय.

सातारी_सरडा

लेखाशी सहमत. आमच्याकडे चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आल्या. २०१८ साली त्यावर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पात्यांमुळे शिकारी पक्षी जवळजवळ चौपट कमी झाले, त्यामुळे पंखा-गळ्याचे सरडे वाढले. पण वाढलेले सरडे अंगाने हडकुळे, माणूस जवळ गेला तरी पळायला उशीर लावणारे. सडा-पठारावर एक गोष्ट हलवली की सगळं हलतं.

देवगडकर

म्हणजे सरडे वाढले. वाढलेच ना? मग रडताय कशाला! आमच्याकडे देवगडलाही पवनचक्क्या आहेत, एकदा या मोजायला.

सातारी_सरडा

हडकुळ्या हापूसच्या दोन पेट्या जास्त मिळाल्या तर तुम्ही पेढे वाटता का, तेवढं सांगा.

गजालीकार

ह्या सगळा वाचून हसाक येता. सड्यार पाल आसा, फूल आसा, बरा. पण त्या विषारी फुरशाचा नाव कोणीच कसा घेणा नाय? दिवसाक सड्यार फिरान फोटो काढूक बरा वाटता. आमी रात्रीचे आंबे राखूक जातंव.

बागेतला_आळशी

गजालीकारांनी नस पकडली. माझ्या चुलतभावाला तीन वर्षांपूर्वी मेमध्ये फुरसं चावलं. आंबा काढून झाल्यावर गडग्यावर टेकला, हात मागे टाकला आणि करवत घासल्यासारखा आवाज आला. त्याला वाटलं पाला. दंड सुजला, संध्याकाळपर्यंत हिरड्यांतून रक्त. जवळच्या सरकारी दवाखान्यात लस नव्हती, पुढच्या ठिकाणी ‘डॉक्टर जेवायला गेलेत.’ तिसऱ्या ठिकाणी वाचला. एवढं होऊन सडा तसाच ठेवा म्हणणाऱ्यांनी एक रात्र आमच्या बागेतल्या मांगरात, म्हणजे झोपडीत, काढावी.

कातळवेडी

भाऊ वाचला हे बरं झालं, मनापासून. पण तुम्हीच लिहिलंय की फुरसं *गडग्यात* होतं. तो गडगा कशाचा? सड्यावरचेच दगड. म्हणजे आपण त्याचं घर उचलून बागेच्या कडेला रचलं आणि तिथेच टेकलो.

बागेतला_आळशी

वा! म्हणजे चूक भावाची. फुरशाची माफी मागायला पाठवतो त्याला.

सरकारी_डागदर

मी दापोलीकडे ग्रामीण भागात पंधरा वर्षं काम केलं. वाद चालू द्या, मधे एवढं वाचा. फुरशाच्या विषाने रक्त गोठत नाही. काचेच्या स्वच्छ कोरड्या नळीत थोडं रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवायचं, नंतर नळी तिरकी केली आणि रक्त पाण्यासारखं वाहिलं तर विष भिनलं. एवढी साधी तपासणी आहे. आवळपट्टी बांधू नका, चिरा देऊ नका, मांत्रिकाकडे अर्धा दिवस घालवू नका. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही विषांवर लस एकच असते, तेव्हा साप मारून बाटलीत भरून आणायची गरज नाही. एकदा माझ्या दवाखान्यात अर्धमेलं फुरसं सुटलं होतं. नर्सबाई टेबलावर, मी खुर्चीवर.

गजालीकार

डॉक्टरानू, आमचो आजो फुरशी धरून बरणीत भरी. मुंबयक हाफकिनात लशीसाठी पाठवायची म्हणान पैसे गावत. तेवा फुरशाची किंमत होती, आता आंब्याची पण नाय.

शुद्धलेखन_समिती

‘फुरसं’चं अनेकवचन ‘फुरशी’ की ‘फुरसी’, याबद्दल कोणी बोलेल का?

देवगडकर

नाही.

सातारी_सरडा

इंग्रजांनी रत्नागिरी जिल्ह्यात बक्षीस लावून लाखांनी फुरशी मारून घेतली. संपली का? नाही. तरी प्रत्येक फुरशाला काठीच.

बागेतला_आळशी

तुमच्या घरात निघालं तर पूजा कराल?

सातारी_सरडा

निघालं होतं, सासुरवाडीला, पडवीत चपलांजवळ. झाडूने सुपलीत घेतलं आणि कुंपणाबाहेर सोडलं. सासूबाई आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत, तो वेगळा फायदा.

कातळवेडी

फुरशावरच धागा संपणार असेल तर संपू दे, पण पाण्याचं कोणीच बोललं नाही. जांभा स्पंजासारखा. पावसाचं पाणी सड्यावरच्या खळग्यांत, भेगांत मुरतं आणि सड्याच्या पायथ्याच्या झऱ्यांना, विहिरींना येतं. आमच्या वाडीच्या विहिरीला पूर्वी मेअखेरपर्यंत पाणी असे. वर चिरेखाण सुरू झाल्यापासून एप्रिलातच तळ दिसतो. खाण आणि विहीर यांचा संबंध सिद्ध करा म्हणाल तर माझ्याकडे कागद नाही, दोर आहे. आम्हाला दोन वाव वाढवावा लागला.

देवगडकर

चिरेखाणीबद्दल मी तुमच्या बाजूने. माझ्याही बांधाला एक लागून आहे, धुरळा बसला की मोहोर जळल्यासारखा होतो. पण चिरेखाणवाला आणि बागायतदार एकाच माळेत ओवू नका. आणि ज्याच्या मालकीचा सडा, त्याने तुमच्या पालीसाठी तो मोकळा ठेवायचा, तर घरपट्टी, मुलांची फी पाल भरणार का? सरकारच्या कागदावर सडा अजून पोटखराबा, म्हणजे लागवडीला नालायक. ज्याला सरकार खराबा म्हणतं, तो मी जपायचा आणि वर ऐकूनही घ्यायचं.

कातळवेडी

हा मुद्दा मान्य. अगदी मान्य. ‘पोटखराबा’ हा शब्द आधी खोडला पाहिजे. फुकट जपा असं मालकाला सांगणं म्हणजे त्या वृक्षवाल्यांसारखंच, दुसऱ्याच्या जमिनीवर पुण्य. पण मग उपाय? साताऱ्याजवळच्या कास पठारावर फुलं बघायला पर्यटन आलं, तेही पाहिलंच आपण. २०१२ साली जागतिक वारशात नाव गेलं आणि गाड्यांच्या रांगा लागल्या.

सातारी_सरडा

कासचं काढू नका, मी रोज त्या रांगेतून घरी जातो. कुंपण घातलं, गुरं बंद केली, तर गवतच माजलं म्हणून ओरड. मग कुंपण काढलं, तर माणसं फुलात लोळतात म्हणून ओरड. गुरं परवडली, सेल्फी काढत नाहीत.

देवगडकर

ताई, एक सांगतो, पण त्याचा धागा काढू नका. वरच्या अंगाला माझा एक तुकडा आहे, अर्धा एकर. तिथे सुरुंगाचं यंत्र पोचत नाही आणि पाण्याचा टँकर चढत नाही, म्हणून कलमं लावली नाहीत. तुमच्या पालीसाठी नाही, टँकरसाठी. गेल्या जूनमध्ये तिथे पांढऱ्या फुलांचे दांडे दिसले होते. बायको म्हणाली रानकांदा. आता तुमचं वाचून वाटतंय, नसावा.

कातळवेडी

फोटो पाठवा. कंद उपटू नका. पाकळ्या मागे वळलेल्या होत्या का?

देवगडकर

पाऊस पडू दे आधी.

बागेतला_आळशी

आणि जाताना पायात गमबूट घाला.